यूएक्स-यूआयचा कोर्स निवडताना नेमकं काय तपासायचं?

रेघोटी:
नाशिकला डीटीपी आणि छपाईचं डिझाइन करते. कोरलड्रॉ, फोटोशॉपवर हात बसलेला आहे. आता यूएक्स-यूआयकडे, म्हणजे अॅप-वेबसाइटच्या स्क्रीन आणि त्या वापरण्याचा अनुभव यांच्या डिझाइनकडे वळायचंय. समोर तीन वाटा आहेत: पुण्यातला सहा महिन्यांचा क्लास (फी ९०,००० अधिक जीएसटी, हप्त्यांची सोय, वर 'प्लेसमेंटची हमी'), कोर्सेरा या ऑनलाइन मंचावरचं गूगलचं यूएक्स सर्टिफिकेट, किंवा सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी). पहिल्या दोन्हींचा अभ्यासक्रम वाचला तर तोच तो दिसतो: पर्सोना (वापरणाऱ्याचं नमुना-चित्र), वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा), प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना), फिग्मा (स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर). मग फरक ओळखायचा कशावरून?

खडूफळा:
अभ्यासक्रमाच्या यादीवरून तो कळायचा नाही, याद्या सगळीकडे सारख्याच असतात. दोन गोष्टी विचारा. कामावर शेरा कोण देतं आणि किती वेळ देतं? आणि तुमचं डिझाइन खऱ्या माणसांच्या हातात देऊन तपासतात का?

पहिल्याचा हिशेब सोपा आहे. दोन तासांचं क्रिटिक (वर्गात प्रत्येकाच्या कामाची चिकित्सा) आणि बॅच ३० जणांची, म्हणजे माणशी चार मिनिटं. तेवढ्यात एक स्क्रीनसुद्धा नीट बघून होत नाही. दहा-बारा जणांची बॅच असेल तर काही हाती लागतं. डेमो लेक्चर छान रंगतंच, त्यावर जाऊ नका. चालू बॅचच्या क्रिटिकला तासभर बसू द्या म्हणा. तिथे 'रंग बदल, मोकळी जागा वाढव' एवढंच चाललं असेल तर तो सॉफ्टवेअरचा क्लास आहे. 'या पायरीवर माणूस मागे का फिरला?' असं कुणी विचारत असेल तर जागा बरी आहे. बसूच देत नसतील, तर तेही उत्तरच समजा.

गूगलच्या सर्टिफिकेटमध्ये पाया पद्धतशीर घालतात आणि खर्च कमी येतो. पण असाइनमेंट तपासतात ते तुमच्यासारखेच शिकणारे. अनुभवी नजरेचा शेरा तुम्हाला बाहेरून मिळवावा लागेल.

जुन्या विद्यार्थ्यांच्या पाच-सहा केस स्टडी (एखादं डिझाइन कसं घडलं त्याची मांडणी) मागवा. सगळ्यांत फूड डिलिव्हरीचंच अॅप, तोच पर्सोना, त्याच क्रमाने तेच मथळे असतील तर साचा हातात देऊन काम करवून घेतलंय. टाकून दिलेले आराखडे दाखवलेत का आणि ते का टाकले हे लिहिलंय का, एवढं बघा. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

चाचणीचं जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी हीच पायरी उरकतात. एका फेरीला पाच माणसं पुरतात; मोठे घोटाळे तेवढ्यात वर येतात. मग दुरुस्ती करून पुन्हा पाच. समजा एसटीच्या तिकिटाचं अॅप केलंय. माणसाला सांगायचं, 'उद्या सकाळी स्वारगेटहून कोल्हापूरला जायचंय, फोनवरून सोय करा.' 'आरक्षण करा' म्हणायचं नाही, कारण बटणावर तोच शब्द असेल तर तो नुसता शब्द शोधून दाबतो आणि चाचणी फुकट जाते. नंतर गप्प बसायचं. तो अडकला की हात शिवशिवतात, तरी सांगायचं नाही. कुठे थांबला, कुठे मागे गेला, काय पुटपुटला ते टिपायचं. 'आवडलं का?' हा प्रश्न तर वर्ज्यच. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. कोर्समध्ये हे निदान दोन फेऱ्या करवून घेतात का, ते विचारा.

हिशोबनीस:
पैशांचं बोलते. ९०,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६,२००, एकूण १,०६,२००. 'हप्त्यांची सोय' हे बऱ्याचदा वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते चालूच राहतात, चुकले तर सिबिल बिघडतं. म्हणून करार नक्की कुणाशी होतोय ते सहीआधी वाचा.

'हमी'ची व्याख्या लेखी घ्या. नोकरी कोणत्या पदाची, किमान पगार किती, किती महिन्यांत, आणि नाही मिळाली तर किती रक्कम कधी परत? नुसत्या मुलाखती लावून देण्यालाही काही ठिकाणी हमी म्हणतात. फी परतीची मुदत पावतीवर लिहून घ्या, फोनवरच्या समुपदेशकाच्या शब्दावर राहू नका.

आणखी एक खूण: पत्रकात अडोबी एक्सडी (स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर) मुख्य साधन म्हणून झळकत असेल तर ते जुनं झालंय. त्याची स्वतंत्र विक्री अडोबीने २०२३ मध्येच थांबवली.

अक्षरओळ:
तुम्ही डीटीपीतून येताय, ही जमेची बाजू आहे. ग्रिड, अक्षरांची चढउतार, मोकळी जागा हे तुम्हाला येतंच. नवख्यांचे यातच महिने जातात. पण तीन सवयी मोडाव्या लागतील.

पहिली, कागदाचा आकार ठरलेला असतो, स्क्रीनचा नसतो. ३६० रुंदीच्या फ्रेमवर काढलेलं ४१२ वर आणि लॅपटॉपवर कसं ताणलं जाईल, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी फिग्मातलं ऑटो लेआउट (मजकूर आणि रुंदीप्रमाणे आपोआप जुळणारी मांडणी) पक्कं करा. कोर्समध्ये ते एका तासात गुंडाळत असतील तर पुढे कंपोनंट (बटणासारखे पुन्हा वापरायचे भाग) आणि व्हेरियंट (त्यांची वेगवेगळी रूपं) करताना सगळं कोसळतं.

दुसरी, फाँट. डीटीपीच्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फिग्मात पेस्ट केला की निरर्थक चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या आणि 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फाँट वापरा. इंग्रजीसाठी चालणारी १२० टक्के ओळउंची मराठीला अपुरी पडते: वरच्या ओळीतल्या 'पूर्ण'चा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटी-रफाराला जाऊन भिडतो. १६च्या अक्षराला २४ ते २६ ठेवा. 'पे'ची जागा 'पैसे भरा' घेतं तेव्हा बटणाची रुंदी मजकुराप्रमाणे वाढायला हवी, ठोकून बसवलेली नको.

तिसरी, फिकट राखाडी अक्षरं. छापील कागदावर नजाकत दिसते, उन्हात फोनवर काहीच दिसत नाही. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, मोठ्याला ३:१. बोटाने दाबायची जागा निदान अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही तिथली मापाची एककं). शिकवणाऱ्याला हे आकडे सहज विचारून बघा.

रेघोटी:
खूप उपयोगी. क्रिटिकला बसू द्या म्हणून आजच फोन करते. सीडबद्दल कुणी सांगेल का? त्यासाठी नोकरी सोडावी लागेल.

खडूफळा:
सीड आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. किमान तीन वर्षांची पदवी हवी, वयाची अट नाही. भाग अ संगणकावर, भाग ब मध्ये कागदावर रेखाटनं. ती पास होणं म्हणजे प्रवेश नव्हे. नंतर प्रत्येक संस्थेत वेगळा अर्ज आणि पुढची निवड असते. गुण एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचा एम.डेस. आहे. एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) विचार असेल तर तिथे सीड चालत नाही, त्यांची डॅट ही परीक्षा वेगळी.

संशोधनाकडे किंवा मोठ्या उत्पादनांच्या कामाकडे जायचं असेल तर ही दोन वर्षं सार्थकी लागतात. नुसतं क्षेत्र बदलायचं असेल तर आत्ता नोकरी सोडू नका. आधी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरचा मानव-संगणक आंतरक्रियेचा एखादा कोर्स करा, व्हिडिओ फुकट आहेत. सोबत वर सांगितलेली एसटीची चाचणी पाच माणसांवर घ्या. त्या नोंदी इथे टाका, बघून शेरा देतो.