गाथेत ‘कटावरी’, दिंडीत ‘कटेवरी’: चूक कोणाची?

टाळकरी:
यंदा तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी होती, तेव्हा एका दिंडीत उभा होतो. ‘सुंदर ते ध्यान’ चाललं होतं. माझ्याकडच्या छापील गाथेत ‘कर कटावरी’ आहे, दिंडी ‘कर कटेवरी’ म्हणत होती. शेजारचे एक गृहस्थ हळहळले, "पाठ भ्रष्ट झाला!" मला ते फार लागलं.

‘विटेवरी’ म्हटल्यावर जीभ आपसूक ‘कटेवरी’वर जाते, टाळावर बरोबर बसते. अख्खी दिंडी एका तोंडाने म्हणते ती चूक कशी? अभंग गाण्यासाठी जन्मला, कागद म्हणजे त्याची टाचण. 1869 पासून इंदुप्रकाश छापखान्याची गाथा छापून येऊ लागली आणि पुढे छापलंय तेच खरं असं आपण धरून बसलो.

माझे आजोबा कीर्तन करत. त्यांचं बाड घरात आहे: अरुंद, लांबट, पानं वरच्या बाजूला उलटायची. त्यात अभंगाचा फक्त पहिला चरण, पुढे ‘इ.’. समासात कुठेतरी ‘हरिणी’ एवढाच शब्द, म्हणजे इथे हरिणीचा दृष्टांत घ्यायचा. संपूर्ण अभंग एकाही पानावर नाही. तो गळ्यात होता.

पोथीप्रेमी:
साफ असहमत. त्या बाडातले ‘इ.’ आज कोण भरून देणार? आजोबांबरोबर ते गेलेच ना?

गाणाऱ्याला पाठाची फिकीर नसते, हेही मला पटत नाही. एकनाथ स्वतः कीर्तनकार. त्यांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि कारणही लिहून ठेवलं: ग्रंथ मुळात शुद्धच, पाठभेदांनी अशुद्ध झाला. वर बजावलं की यात कोणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. इतकं कडक कोणी उगाच लिहीत नाही. घालणारे होते म्हणूनच लिहिलं.

आणि ‘जिभेला सोपं’ हाच तर तुमच्याविरुद्धचा पुरावा. दोन पाठांपैकी अवघड असेल तो बहुधा जुना मानतात, कारण माणूस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. आपल्या भांडारकर संस्थेत 1,259 हस्तलिखितं हाताशी घेऊन महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, 1966 साली पुरी झाली. मुख्य संहितेतून काढलेले श्लोकही फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. गाणारा एखादं कडवं गाळतो तेव्हा ते कुठल्या तळटीपेत जातं?

मावळची लेक:
पोथीप्रेमी, तळटीपेत शब्द जातील हो, पण बाकीचं?

माझ्या आत्याला ओव्या सांग म्हटलं, वही उघडून बसले. दोन ओव्या झाल्या आणि ती अडली. म्हणाली, "असं बसून न्हाई येत गं." माळ्यावरचं जातं खाली काढलं, पसाभर जोंधळे घातले. खुंट्याला हात लागला, जात्याचा फेरा सुरू झाला आणि ओवीमागून ओवी येत गेली. मधेच माझं नाव घालून एक नवी ओवी! ती नरोटी का? जात्यावर तर रीतच ती, भावाचं, लेकीचं नाव घालायचंच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी पुण्यात बसून नव्हे, गावोगाव हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांनी नुसतं लिहून घेतलं नाही, पुष्कळ ओव्यांचे आवाजही टेप केले. मला ते मोलाचं वाटतं. आत्याच्या वेळी मी मात्र टेप केलं नाही, वहीच भरत बसले.

पोथीप्रेमी:
ओवीचं मान्य, तिथे कर्ती आणि गाणारी एकच. पण तुकोबांच्या अभंगाखाली ‘तुका म्हणे’ ही सही आहे. सही असलेल्या मजकुरात दुसऱ्याने शब्द फिरवायचे नसतात.

जुनं बाड:
सही आहेच, पण वही आणि गळा यांची इतकी फारकत आपल्याकडे नव्हती. म्हाइंभटांनी माणसं गाठून महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी विचारल्या, त्याचं लीळाचरित्र झालं. ती मूळ पोथी धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून तर तिचे निरनिराळे पाठ. म्हणजे तोंडातून कागदावर, कागद गेला तर पुन्हा तोंडातून.

दुसरं, तुम्ही ज्या इंदुप्रकाश गाथेवरून भांडताय, तिच्या कामावर देखरेख शंकर पांडुरंग पंडितांची होती. याच पंडितांनी अथर्ववेदाचं संपादन करताना हस्तलिखितांच्या बरोबरीने वेद मुखोद्गत असलेल्या वैदिकांना समोर बसवून त्यांचं पठण साक्षीला धरलं. संपादकाने माणसाच्या तोंडाला पोथीइतका मान दिला, हे मला फार मोठं वाटतं. गाथेला दिंडीतली तोंडं तशी साक्षीला का घेऊ नयेत?

टाळकरी:
हे पंडितांचं मला ठाऊक नव्हतं. ‘कटेवरी’ला मी ‘जुना पाठ’ म्हणणार नाही, पोथीप्रेमींचा तो मुद्दा बिनतोड आहे. ‘भ्रष्ट’ मात्र म्हणू देणार नाही.

आणि त्या ‘इ.’चं मनावर घेतलंय. आजोबांच्या मागे झांज धरणारे एक काका कसब्यात राहतात, वय ब्याऐंशी. रविवारी बाड घेऊन जातोय. एकेक चरण वाचेन, पुढचं त्यांनी म्हणायचं. मोबाइलवर आवाज घेईन, जातं-टाळ काय लागेल ते बरोबर नेईन. पोथीप्रेमी, गाथेची प्रत घेऊन येता का? फरक पडेल तिथे तुम्ही खूण करा.

पोथीप्रेमी:
येतो. सकाळी की दुपारनंतर?