मदत हवी आहे: संध्याकाळी उसाच्या कडेचं जनावर ओळखता येईल अशी दुर्बीण कोणती घ्यावी?

शहादेकर:

राम राम मंडळी,

आमचं शेत शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. ऊस, बाजूला पपई, बांधापलीकडे नाला आणि नाल्यानंतर चढ. रानडुकरांचा त्रास पूर्वीपासूनच आहे, पण आता ऊस वाढला की बिबट्याचीही धास्ती असते. शेजारच्या शिवारात पावलं उमटलेली दिसली, तेव्हापासून बाया निंदणीला यायला कचरतात. त्यात शेतीपंपाची लाईट एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रपाळी असली की दिवस मावळता मावळता मोटारीकडे जावंच लागतं.

शेतातल्या घराच्या धाब्यावरून उसाची कड साधारण ३००-४०० मीटरवर दिसते. खाली उतरण्याआधी तिथे कुत्रं उभं आहे, डुक्कर आहे की बिबट्या, एवढं नक्की कळलं पाहिजे. बाकी काही नको. शिकारीचा तर प्रश्नच नाही, १९७२च्या कायद्याने ती बंद आहे आणि ते योग्यच आहे.

गोंधळ असा झालाय: गावातला दुकानदार म्हणतो २०×५० घ्या, जवळचं दिसेल. ऑनलाइन तर १८० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणी दोन हजारांत मिळताहेत. चुलतभावाकडे एअरगनवरचा ४×३२चा स्कोप, म्हणजे नेम धरायची एका डोळ्याची दुर्बीण, पडून आहे. तो म्हणतो, काच ती काचच, काकांच्या शेतसंरक्षणाच्या बंदुकीवर बसवू आणि त्यातूनच बघू. आणखी एकजण थर्मल, म्हणजे उष्णतेवरून दाखवणारं यंत्र, घ्या म्हणतो.

बजेट पंधरा हजारांपर्यंत. सगळ्यात जास्त वापरणार वडील. त्यांचं वय सत्तरीकडे झुकलंय आणि चष्मा आहे. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगावं.

हतनूरकाठ:

दादा, २०×५० घेऊ नका. मी हतनूर धरणावर हिवाळ्यात बदकं बघायला जातो, तिथे नवीन आलेली बहुतेक मंडळी ह्याच आकड्याला भुलतात.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे किती पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८×४२ला ५.२५ येतात, १०×४२ला ४.२, २०×५०ला फक्त २.५. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. संध्याकाळी आपली बाहुली मोठी होते, तरुणपणी ७ मिमीपर्यंत, वडिलांच्या वयात साधारण ५ किंवा त्याहून कमी. म्हणजे ८×४२ त्यांच्या बाहुलीला पुरेपूर प्रकाश देईल. २०×५०मधून त्याच वेळी चित्र काळपट दिसेल, आणि तुम्हाला तर नेमकी तीच वेळ हवी आहे. ७×५०चा झोत ७ मिमीचा असतो, पण त्यांच्या वयात जास्तीचा प्रकाश बाहुलीबाहेरच राहतो आणि वजन मात्र गळ्यात येतं.

शिवाय हात हलतो. २० पटीत हाताचा कंपही २० पट. स्टँडशिवाय ती वापरताच येत नाही. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे! तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते, आणि पट जितकी जास्त तितकं ते लहरणंही मोठं दिसतं. ८ पटीत ४०० मीटरवरचं जनावर ५० मीटरवरून पाहिल्यासारखं दिसतं. ५० मीटरवरून कुत्रं आणि बिबट्या यात फसगत होत नाही, शेपटीवरूनच कळतं.

नजरेचा पसाराही बघा. चांगल्या ८×४२मध्ये ३०० मीटरवर जवळपास ४० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो, २०×५०मध्ये त्याच्या निम्माही नाही. उसाच्या कडेने चालणारं जनावर त्या चिंचोळ्या गोलात सापडेपर्यंत आत शिरलेलं असतं.

१८० पटवाल्या जाहिराती सोडून द्या, झूम दुर्बीणही नको. भिंगावर लालभडक चमक असलेली तर अजिबात घेऊ नका. 'डे-नाईट' असं छापलेलं असलं तरी अंधारात दिसत नाही. दुर्बीण आहे तो प्रकाश गोळा करते, नसलेला आणत नाही.

नेमबाज_धुळे:

स्कोपबद्दल मी लिहितो, कारण तो विषय नीट समजून घ्यायला हवा.

तुमचा ४×३२ प्रकाशात कमी नाही. भागाकार करा, ८ मिमी येतात. पण पट चारच, बघायचं एका डोळ्याने, आणि डोळा काचेपासून आठ-नऊ सेंटीमीटर लांब एका ठरावीक जागी धरावा लागतो, कारण बंदुकीच्या धक्क्याने कपाळ फुटू नये म्हणून त्याची रचनाच तशी असते. हातात धरून शेतावर नजर फिरवायला बसलात तर पाच मिनिटांत डोळा थकेल. एअरगनचे स्कोप बहुधा जवळच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, लांबच्या वस्तूवर डोळा जरा सरकला की नेमाची फुलीही सरकल्यासारखी दिसते.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. स्कोप बंदुकीवर बसवला की बघणं म्हणजे नळी रोखणं. उसाच्या कडेला काहीतरी हललं, तुम्ही स्कोप लावला, आणि तिथे बारं देणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा, माणूस वाकलेला असला तर? तुमची नळी त्याच्या छातीवर असेल. ज्या देशांत परवान्याने शिकार चालते तिथेही आधी दुर्बिणीने ओळख पटवतात आणि स्कोपला डोळा नंतर लावतात. स्कोप नेम धरण्यासाठी असतो, शोधण्यासाठी नाही. चुलतभावाला हे समजावून सांगा, आणि काकांची बंदूक या कामातून पूर्ण बाजूला ठेवा.

थर्मलबद्दल: उष्णता पकडणारं यंत्र आहे, अंधारात चालतं, हे खरं. पण उसाच्या दाट पाल्याआडचं त्याला दिसत नाही. आणि उन्हाळ्यात दिवस मावळला तरी आपली काळी जमीन, दगड, बांध सगळं तापलेलं असतं, जनावर त्यातून उठून दिसत नाही. पंधरा हजारांत चांगलं मिळणारही नाही.

तोरणमाळ_ताई:

भाऊ, दुर्बीण घ्याच, पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. उसात दडलेला बिबट्या कुठल्याच काचेतून दिसत नाही. मोटारीकडे जाताना दोघांनी जा, मोठी बॅटरी न्या, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जा. माणसाची चाहूल लागली की तो बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणाऱ्यांना जास्त धोका असतो, म्हणून निंदणीच्या बायांसोबत एकजण उभा राहून लक्ष ठेवणारा हवा. दुर्बीण त्याच्याच गळ्यात असू द्या.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. आई जवळच असते. माणसं मागे घ्या आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

आणि दुर्बीण आलीच तर सकाळी झाडांकडेही फिरवा. नामशेष झाला असं मानलेला रानपिंगळा १९९७मध्ये तुमच्याच शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो. तुमच्या बांधावर नाही दिसला तरी सातपुड्यात जाल तेव्हा नजर ठेवा.

शहादेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. बारं देणाऱ्या माणसाचं वाचल्यावर घरात तो विषयच संपला, चुलतभावालाही पटलं. ८×४२ नक्की. आता तीन गोष्टी सांगा: चष्म्यावरून वडिलांना नीट दिसेल का, पावसाळ्यात बुरशी धरते का, आणि दुकानात तपासायचं काय?

हतनूरकाठ:

चष्म्यासाठी 'आय रिलीफ', म्हणजे काचेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ती जागा, १५ मिमीपेक्षा जास्त हवी आणि डोळ्याकडचे रबरी कप फिरवून आत जाणारे हवेत. ऑलिम्पसची ८×४० डीपीएस आणि निकॉनची ॲक्युलॉन या स्वस्तात चांगलं चित्र देतात, पण दोन्हीत ही जागा कमी आहे आणि दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत. तुमच्यासाठी निकॉन प्रोस्टाफ पी३ किंवा सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स, दोन्ही ८×४२मध्ये बघा. आत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. तरी चामड्याच्या बंद खोक्यात ठेवू नका, बुरशी तिथेच वाढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला पाहिजे. कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर आतला प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, हलक्या प्रतीचा आहे. 'बीएके-४' लिहिलंय का बघा, ते प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव आहे. मग ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा: हिरवट-जांभळं आणि मंद हवं, पांढरं लख्ख दिसलं तर भिंगावरचा लेप (कोटिंग) अपुरा. शेवटी दुकानाबाहेर येऊन लांबच्या विजेच्या खांबावर धरा. एका खांबाचे दोन दिसले किंवा कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर ती जोडी सरळ नाही, दुसरा नग मागा. जमलं तर दिवे लागायच्या सुमारास जा, दुपारी सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात.

घरी आल्यावर वडिलांना आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने फोकस करायला सांगा, मग डावा झाकून उजव्या काचेवरची कडी फिरवायला. कडी जिथे येईल तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. पोरांनी फिरवली तरी जागेवर आणता येईल.