एका पीसीत दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावले तर चालतात का? दोन ३०९० ग्राफिक्स कार्डांसाठी विचारतोय

रेंडरवेडा:
नमस्कार मंडळी. ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगसाठी पीसी बनवलाय, त्यात आरटीएक्स ३०९० आहे आणि ८५० वॅटचा एसएमपीएस. आता तसंच दुसरं कार्ड मिळतंय. एक कार्ड ३५० वॅटचं, म्हणजे दोघांचे ७००, प्रोसेसर फुल लोडला दीडशेच्या आसपास जातो, वर फॅन, ड्राइव्ह वगैरे, म्हणजे ८५० च्या बाहेरच गेलं सगळं. घरात जुन्या पीसीचा ६५० वॅटचा एसएमपीएस पडून आहे, चांगल्या कंडिशनमध्ये. दुसरं कार्ड त्याच्यावर चालवलं तर चालेल का? आणि पीसी चालू केला की दोन्ही एकदम चालू कसे होणार? काहीजण म्हणतात मदरबोर्ड जळतो, काहीजण म्हणतात बिनधास्त लाव. नीट माहिती हवी, कार्ड महागाची आहेत.

एकचपुरे:
जमत असेल तर एकच मोठा घ्या, १२०० किंवा त्याच्या वरचा. ३०९० चा ३५० हा आकडा सरासरी आहे, मिलिसेकंदापुरतं कार्ड त्याच्या बरंच वर उडी मारतं आणि तेवढ्याने एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होऊन पीसी धाडकन बंद पडतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० ह्या एसएमपीएसच्या स्टँडर्डमध्ये ह्या उड्या सहन करायची अट घातली आहे, तुमचा जुना ६५० त्याच्या आधीचा असणार. दोन लावले की वायरिंग वाढतं आणि चूक व्हायच्या जागाही वाढतात.

तारांचा_गुंता:
एकच मोठा घेणं सोपं आहे हे खरं, पण दोन लावले की जळतं असं काही नाही, मी स्वतः दोन वर्षं असा पीसी रोज वापरतोय. फक्त कुठला लोड कुणावर हे आधी कागदावर ठरवा. ८५० वर मदरबोर्ड, प्रोसेसर, ड्राइव्ह आणि पहिलं कार्ड. ६५० वर फक्त दुसरं कार्ड, त्याचे सगळेच्या सगळे ८ पिन कनेक्टर. एकाच कार्डाला एक केबल ह्याची आणि एक त्याची असं अजिबात करू नका. १२ व्होल्ट म्हणतात तो दोन्हीकडे अगदी सारखा कधीच नसतो, स्टँडर्डमध्येच ५ टक्के वरखाली चालतं, म्हणजे एक ११.९ देतोय आणि दुसरा १२.२ असंही होऊ शकतं आणि त्यांच्या पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या, वायरी कुठे एकत्र आल्या तर दोघे एकमेकांवर लोड ढकलत बसतात. पिवळ्या, लाल, नारिंगी वायरी वेगळ्या, काळी मात्र दोघांची एकच, कारण सगळे सिग्नल ग्राउंडच्या हिशोबाने वाचले जातात.

चालू करायचं म्हणाल तर २४ पिनच्या कनेक्टरमध्ये १६ नंबरची हिरवी वायर असते, ती काळीला टेकली की एसएमपीएस चालू होतो, मदरबोर्डही बटण दाबल्यावर हेच करतो. ड्युअल एसएमपीएस अ‍ॅडॅप्टर मिळतो तो दोघांची हिरवी आणि काळी जोडतो, मग चालू, बंद, स्लीप सगळं बरोबर होतं. घेताना बघा, दुसऱ्या सॉकेटकडे दोन-तीनच वायरी जायला हव्यात. पिवळ्या आणि लाल पण जाताना दिसल्या तर घेऊ नका, त्याने दोन्ही एसएमपीएस पॅरलल होतात. दुसरा प्रकार रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) छोट्या बोर्डाचा, पहिल्याच्या मोलेक्सवर (जुन्या ४ पिनच्या पॉवर कनेक्टरवर) १२ व्होल्ट आले की तो दुसऱ्याला चालू करतो. तोही चांगला. पिनेने शॉर्ट करून कायमचा चालू ठेवायचा जुगाड टेस्टिंगपुरता ठीक, रोजच्या वापरात नको, पीसी बंद असतानाही कार्डाला पॉवर मिळत राहते.

रेंडरवेडा:
वा, खूप क्लिअर झालं. पण कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधूनही पॉवर घेतं ना? मग दोन एसएमपीएस तिथे एकत्र येतातच की. आणि दुसऱ्याला यूपीएसची गरज आहे का, का तो सरळ भिंतीच्या सॉकेटला लावू?

तारांचा_गुंता:
बरोबर पकडलंत. स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो आणि ते ८५० वरूनच येणार, त्यामुळे त्याचा हिशोब ८५० च्या खात्यात धरा. कार्डाच्या आत स्लॉटची लाइन आणि ८ पिनची लाइन वेगवेगळ्या फेजना (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटना) जाते, म्हणून तिथे अडत नाही. यूएसबी केबलवाला रायझर (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायचा जोड) वापरणार असाल तर मात्र तो स्लॉटचा १२ व्होल्ट तोडून स्वतःच्या कनेक्टरवरून घेतो, मग त्याला पॉवर कार्डाच्याच एसएमपीएसवरून द्यायची आणि तीही सॅटा (ड्राइव्हला पॉवर देणाऱ्या) कनेक्टरवरून नाही. सॅटाची कपॅसिटी १२ व्होल्टला ४.५ अँपिअर म्हणजे ५४ वॅट, स्लॉटचा हक्क ७५ चा, कनेक्टर वितळलेले मी पाहिलेत.

यूपीएसचं उत्तर सोपं, दोन्ही एकाच ठिकाणी. एक यूपीएसवर आणि एक डायरेक्ट ठेवलात तर लाइट गेली की मदरबोर्ड चालू आणि कार्ड मधेच उपाशी. यूपीएसला एवढा लोड झेपत नसेल तर दोन्ही डायरेक्ट लावा, अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर.

जुना_असेंबलर:
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मॉड्युलर (केबल सुट्या होणारे) एसएमपीएस असतील तर केबल अजिबात मिसळू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाचा पिनआउट (कुठल्या पिनवर किती व्होल्ट ते) प्रत्येक कंपनीचा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही वेगळा असतो. मी दुसऱ्या एसएमपीएसच्या पिशवीतली सॅटा केबल पहिल्याला लावली, एकदम फिट बसली, आणि बटण दाबताच ड्राइव्ह गेली. ५ व्होल्टच्या जागी १२ पोचले होते. त्यात एका मित्राच्या घरच्या कार्यक्रमाचे फोटो होते, ते परत मिळाले नाहीत आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून दोन्हीच्या केबलना वेगळ्या रंगाच्या टेप लावतो आणि नवीन केबल लावली की ड्राइव्ह जोडायच्या आधी मल्टिमीटरने बघतो.

आणि सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट २८० वॅटला आणून एकदा रेंडर करून बघा, वेळ थोडाच वाढतो आणि उष्णता खूप कमी होते. एकाच ८५० वर दोन्ही कार्ड तरीही लावू नका, २८० दुणे ५६० आणि बाकीचे २०० धरले तरी उड्यांना जागा उरत नाही. पण दोन एसएमपीएसच्या सेटअपमध्ये ह्याने तुमचा जुना ६५० आरामात राहील.

रेंडरवेडा:
ठरलं मग. अ‍ॅडॅप्टर घेतोय, ६५० वर फक्त दुसरं कार्ड, प्रत्येक ८ पिनला वेगळी केबल, लिमिट २८०. कॅबिनेटमध्ये दुसऱ्या एसएमपीएसची जागा नाहीये, बाहेर शेजारी ठेवला तर चालेल ना?

तारांचा_गुंता:
चालेल, फॅनची बाजू मोकळी ठेवा आणि केबलला ताण येऊ देऊ नका, पायाने ओढली जाईल अशी तर नकोच. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा दोघांची मागची बटणं आधी ऑन करा, मग पीसीचं. ६५० बंद राहिला तर दुसरं कार्ड दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच ड्रायव्हर शोधत बसाल.