शिबिराला गेलेल्या मुलांना पत्रं: तुम्ही काय लिहिता?

आमची लेक यंदाही जूनअखेर पेनसिल्व्हेनियात, पोकोनोच्या डोंगरातल्या कॅम्पला निघाली आहे. इथे अमेरिकेत बऱ्याच निवासी कॅम्पांत मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. आईबाबांनी ईमेल केली तर कॅम्पवाले ती छापून मुलांच्या हातात देतात, पण मुलांकडून घरी येतं ते हातानं लिहिलेलं, पोस्टानं आलेलं पत्रच. काही ठिकाणी तर ठरल्या दिवशी घरी लिहिलेलं पत्र दाखवल्याशिवाय जेवणाच्या हॉलमध्ये सोडत नाहीत!

'तुझ्यावाचून घर खायला उठतं' हे कितीही खरं असलं तरी पत्रात लिहायचं नाही, असं माझं पक्कं मत झालंय. ते वाचून दहा वर्षांच्या मुलीला तिथे हसायचीही चोरी होते. त्यापेक्षा गॅलरीतल्या मिरचीला फूल आलं, बाबांनी पोहे केले आणि मीठच घालायला विसरले, असलं काहीतरी लिहावं. आणि एक तरी नेमका प्रश्न विचारावा. 'मजा येते ना?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर येतं. मागच्या वर्षी मी विचारलं, तुझ्या वरच्या बंकवर कोण झोपतं? कागदाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर आलं. ती मुलगी झोपेत गाते, तिचे मोजे कधीच जोडीचे नसतात आणि तिच्याकडे बेडकांच्या चित्रांची वही आहे.

तुमचे अनुभव लिहा. शिबिर, हॉस्टेल, काहीही चालेल. पत्र लिहिणारे आणि ज्यांना ती आली ते, दोघांनीही लिहा.

*

बॉस्टनहून, एक बाबा

मेन राज्यातल्या कॅम्पहून मुलाचं पहिलं पत्र आलं. 'इथलं दूध वेगळं लागतं. रात्री खूप अंधार असतो. मला न्यायला या. प्लीज.' प्लीजखाली पेन्सिलीनं इतक्या जोरात रेघ मारलेली की कागद फाटला होता. बायको गाडीची किल्ली घेऊन दारात उभी. पाकिटावरचा शिक्का बघितला तर पत्र चार दिवसांपूर्वी टाकलेलं, आणि कॅम्पनं त्याच सकाळी टाकलेल्या फोटोत आमचे चिरंजीव वल्हं डोक्यावर धरून तळ्याकाठी उभे. कॅम्पला फोन केला. आता रमलाय म्हणाले.

पण म्हणून ते रडणं खोटं नव्हतं. उत्तरात मी 'काही होत नाही, शूर हो' असलं काही लिहिलं नाही. अंधाराची भीती वाटली हे कळलं, टॉर्च बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे, दुधात कोको घालून बघ, एवढंच लिहिलं आणि तळ्याबद्दल विचारलं.

'नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ' हे वचन मात्र पत्रातही देऊ नका आणि निघतानाही देऊ नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २००७ मध्ये मुलांच्या घरओढीवर एक अहवाल काढला होता, त्यातही हाच सल्ला आहे. असं वचन मिळालं की आईबाबांनाच आपला भरवसा नाही असं मुलाला वाटतं, आणि मग तिथे रुळायचा प्रयत्नच होत नाही.

*

पुण्याहून, शिबिरातली ताई

मी मे महिन्यात मुळशीकडच्या निवासी शिबिरांना ताई म्हणून जाते. शिबिर आठवडाभराचं, पोस्टाचं पत्र पोचेपर्यंत संपायचं. म्हणून बस सुटतानाच आम्ही पालकांकडून पाकिटं घेतो, वर मुलाचं नाव आणि उघडायचा वार. दुपारी जेवणं झाली, मुलं सतरंजीवर आडवी झाली की वाटायला बसतो.

पालकांनो, एक कळकळीनं सांगते. ज्याचं पाकीट नसतं ते मूल रडत नाही. ते पाण्याची बाटली भरायला उठतं. बाटली भरलेलीच असते, ती ओतून पुन्हा भरतं, आणि वाटप संपेपर्यंत नळाशीच उभं राहतं. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता रात्री आम्ही ताई-दादाच अशा मुलांसाठी पत्रं लिहितो. 'आज भाकरी थापताना तुझी पहिलीच गोल झाली, ते मी बघितलं.' आईचं नाही हे त्यांना कळतं, तरी घडी घालून दप्तरात ठेवतात. चार ओळी लिहा, पण पाकीट द्याच.

आणि अक्षर सुटं, मोठं काढा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला आईचं घाईतलं अक्षर लागत नाही. मग तो पत्र घेऊन माझ्याकडे येतो आणि त्याच्या एकट्यासाठी लिहिलेलं मला मोठ्यानं वाचावं लागतं. एका बाबांनी प्रत्येक पाकिटात एक कोडं घातलं होतं, उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात. त्या मुलाभोवती अख्खी खोली जमायची.

*

डॅलसहून

आमच्याकडे पत्र लिहिते मिरजेची आजी. ती वहीच्या कागदावर लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते, मी छापून पाकिटात घालते. नातवाला देवनागरी अडखळत येतं, म्हणून आजी मुद्दाम छोटे शब्द वापरते. त्यानं कॅम्पमधल्या मित्रांना त्यांची नावं देवनागरीत लिहून दिली.

*

साताऱ्याच्या सैनिक शाळेचा जुना विद्यार्थी

मी पत्र मिळणाऱ्यांपैकी. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. मी ऐंशीच्या दशकात सहावीला तिथे गेलो. गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. दादा, म्हणजे वडील, निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहायचे. जागा पुरायची नाही म्हणून चिकटवायच्या पट्टीवरही मजकूर, त्यामुळे उघडताना दोन-चार शब्द हमखास फाटायचे. सुरुवात 'चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद' अशी, आणि पुढे सगळी बाग. ऑक्टोबर छाटणी झाली, वेलींचे डोळे फुगले, ढग आलेत, केवडा रोगाची भीती आहे.

'आठवण येते' असं त्यांनी कधी लिहिलं नाही. पण एकदा विचारलं होतं, 'विहिरीवरचं इंजिन फार कुरकुरतंय. दुरुस्त करावं की नवीन घ्यावं? तुझं मत कळव.' अकरा वर्षांच्या पोराला! मी अभ्यासिकेत बसून कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. दुरुस्त करा, असं कळवलं. त्यांनी दुरुस्तच केलं आणि मिस्त्रीनं काय काय बदललं ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलं. आपण दूर असलो तरी घरातले आहोत, याचा एवढा पुरावा मला दुसऱ्या कशानं मिळाला नसता. माझी मुलगी हॉस्टेलला गेली तेव्हा मीही तिला असेच खरे प्रश्न विचारत गेलो, उगाच विचारायचे म्हणून नाही.

*

नागपूरहून, शिक्षिका

वरच्या इंजिनावरून आठवलं. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादला. त्यांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस कुठून आला, हे पत्रांतून सांगितलं. साधा गुळगुळीत गोटासुद्धा स्वतःची गोष्ट सांगतो, हे त्यातलंच. ज्यांना घरच्या बातम्या सुचत नाहीत त्यांनी आपल्याला जे मनापासून आवडतं ते मुलाला सांगावं. माझे यजमान रेल्वेत आहेत, ते लेकाला सिग्नलबद्दल लिहितात.

*

धागाकर्ती

बॉस्टनच्या बाबांना विचारायचं राहिलं: तळ्याबद्दल काय उत्तर आलं?

पहिल्यांदा पाठवणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पहिलं पत्र मूल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच टाका, म्हणजे पोचल्यावर लगेच हातात पडतं. पत्त्यात मुलाचं पूर्ण नाव आणि केबिनचं नाव हवंच. मुलासोबत पत्ता घातलेली पाकिटं द्या, 'फॉरेव्हर' तिकिटं लावून. दर वाढले तरी ती चालतात. खाऊ पाठवण्याआधी कॅम्पचा नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी पार्सल घेतच नाहीत, नुसतं चपटं पाकीट चालतं. स्टिकर त्यात आरामात मावतात.