‘मॉडेल सिलेक्शन’ला मराठीत काय म्हणाल? नमुना, प्रतिमान की पॅटर्न?

हरभरा : मंडळी, प्रादेशिक विकासावरच्या एका अर्थशास्त्रीय निबंधाचा मराठी सारांश करते आहे. ‘स्टॅटिस्टिकल मॉडेल सिलेक्शन’ला मी ‘सांख्यिकीय नमुना निवड’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, ‘किती घरं निवडली?’ मला आधी कळेचना. दुसरा शब्द सुचवा. आणि ‘बॅकलॉग’ला ‘अनुशेष’ चालेल ना?

कोरडवाहू : बाईंची शंका रास्त आहे. नमुना म्हटलं की आकडेवारीवाल्याला सॅम्पलच आठवतं. राष्ट्रीय नमुना पाहणी घ्या, दहावीच्या गणितातला ‘नमुना अवकाश’ घ्या. तलाठ्याला विचाराल तर नमुना म्हणजे फॉर्म, गाव नमुना सात आणि बारा. आणि घरी आईला विचाराल तर नमुना म्हणजे मी. एवढी ओझी वाहणाऱ्या शब्दावर आणखी एक नको. ‘प्रतिमान-निवड’ लिहा.

खडूफळा : प्रतिमान ठीक, पण बोलताना कुणी म्हणत नाही. वर्गात मी सरळ मॉडेल म्हणतो. धोरणाच्या बाजूला तर तिसराच शब्द रुळलाय, पॅटर्न : लातूर पॅटर्न, शिरपूर पॅटर्न. पण तिथे अर्थ ‘अनुकरण करण्याजोगं उदाहरण’ असा आहे, ‘समीकरण’ असा नाही. तुमच्या निबंधात हे दोन्ही अर्थ येत असतील तर वेगळे ठेवा, नाहीतर ‘पॅटर्नची निवड’ वाचून वाचक शिरपूरच्या बंधाऱ्यांवर जाईल.

हरभरा : निवड म्हणजे नेमकं काय निवडतात, हे दोन ओळींत सांगाल का? शब्द त्यावरच ठरेल.

खडूफळा : दोन ओळींत नाही जमणार. समजा, जिल्ह्यांचं उत्पन्न कशाने वाढतं हे शोधायचंय आणि तुमच्याकडे दहा संभाव्य कारणं आहेत : सिंचन, रस्ते, साक्षरता, वीज वगैरे. प्रत्येक कारण घ्यायचं किंवा सोडायचं, म्हणजे १,०२४ वेगवेगळी समीकरणं. जितकी कारणं कोंबाल तितकं समीकरण हाताशी असलेल्या आकड्यांवर घट्ट बसतं, पण एकाच्याच मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगात जात नाही. म्हणून प्रत्येक जादा कारणामागे भुर्दंड लावतात, आणि चूक व भुर्दंड मिळून बेरीज सगळ्यात कमी येते ते समीकरण निवडतात. जपानी संख्याशास्त्रज्ञ अकाइके यांच्या निकषात तो २ असतो. श्वार्ट्झने १९७८ मध्ये मांडलेल्या निकषात तो निरीक्षणांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम असतो. आपले ३६ जिल्हे धरले तर सुमारे ३.६. म्हणजे आकडे तेच, कारणं तीच, पण एका निकषाने साक्षरता समीकरणात राहते आणि दुसऱ्याने बाहेर जाऊ शकते. मग पैसा शाळेला की कालव्याला, या प्रश्नाचं उत्तरही हलतं.

‘पेनल्टी’ला कोशातला ‘दंड’ आहे, पण दंड गुन्ह्याला होतो. इथे भुर्दंडच शोभतो, असं आपलं माझं मत.

कोरडवाहू : आता ‘अनुशेष’. हा नुसता ‘बॅकलॉग’चा प्रतिशब्द नाही, त्याच्या पोटात एक मॉडेल आहे. सरकारी नोकरीत अनुशेष म्हणजे भरायच्या राहिलेल्या राखीव जागा, तिथे बिंदुनामावलीवरून, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या यादीवरून, आकडा निघतो. जिल्ह्याचा अनुशेष कशावरून काढणार? अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्याची सरासरी धरली आणि त्याखाली जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष मानला. बेरीज आली ३,१८६.७८ कोटी रुपये : विदर्भ १,२४६.५५, मराठवाडा ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८.

शेवटचा आकडा पाहा. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या भागाचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त! एकक जिल्हा धरल्यामुळे हे दिसलं. विभाग धरला असता तर मागास जिल्ह्यांची तूट पुढारलेल्या शेजाऱ्यांच्या बेरजेत बुडाली असती. त्यावरून भांडणं झाली ती काही उगीच नाहीत. ‘एकक कोणतं’ हीसुद्धा मॉडेलचीच निवड, फक्त ती समितीच्या बैठकीत होते, संगणकात नाही.

शिवाय सरासरी ही सरकती गोष्ट. पुढारलेले जिल्हे पुढे गेले की तीही वर जाते, आणि काल भरलेला अनुशेष आज पुन्हा उभा राहतो. ‘थकबाकी’ फिटते, अनुशेष असा फिटत नाही. त्यामुळे अनुशेष जरूर वापरा, पण पहिल्या वापरालाच ‘कशाच्या तुलनेत’ ते लिहा.

खडूफळा : जाता जाता, ‘कन्व्हर्जन्स’ला ‘अभिसरण’ केलं नाहीत ना? गणितात चालतं. पण ‘प्रादेशिक अभिसरण’ म्हटलं की मला रक्ताभिसरण आठवतं, नाहीतर सामाजिक अभिसरण. गरीब प्रदेशाने श्रीमंताला हळूहळू गाठणं, असा अर्थ त्यातून निघत नाही. ‘अंतर मिटणं’ म्हणा.

हरभरा : शीर्षकात ‘प्रतिमान-निवड’, आत ‘मॉडेल’, असं करते. अभिसरण सात ठिकाणी आहे. बसते बदलत.