मदत हवी आहे: समुद्रकाठच्या लाँचपॅडचा पाया
नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, साइट सुपरवायझर आहे. मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला रॉकेट लाँचपॅडचा पाया घेतलाय. आपल्याकडे काळी माती, मुरूम आणि मग पाषाण लागला की ब्रेकर लावायचा एवढंच मला माहीत, तिकडे किनाऱ्यावर थोडं खणलं की लगेच पाणी. टेक्सासच्या बोका चिकाला स्पेसएक्सने २०१५ पासून सुमारे ३,१०,००० घनयार्ड माती आणून नुसता ढीग करून ठेवला, खालची ओली जमीन दबून पाणी निघून जावं म्हणून. पण ढीग कधी उचलायचा हे ठरवतात कसं, सेटलमेंट प्लेटच्या (जमीन किती खचली ते दाखवणारी) रीडिंगवर की पिझोमीटरवर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र)? आणि खाऱ्या पाण्यात पाइलची (जमिनीत खोल घातलेला काँक्रीटचा खांब) सळई गंजू नये म्हणून स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं) वापरतात का? किनाऱ्यावर पायलिंग केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, पोरगी रोज रात्री एकपर्यंत जागतेय.