रोजचा रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक : स्पोर्ट्स कारसाठी ब्रेक पॅड कोणते घ्यावेत?

नमस्कार. माझ्याकडे दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे. माझ्यासह तिचे वजन सुमारे १,२०० किलो भरते, पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि आतून हवा खेळणाऱ्या बिडाच्या डिस्क आहेत. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा ब्रेक सोडून गाडीच्या गुणदोषांकडे वळते. गाडी रोज वापरात असते आणि साधारण दोन महिन्यांतून एकदा ट्रॅकवर जाते. तेथे वीस-वीस मिनिटांची चार सत्रे होतात. पुढचे पॅड आता बदलावेच लागणार आहेत आणि गाडीबरोबर आलेलेच पुन्हा घालायचे की नाहीत, याविषयी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मागच्या खेपेला दुसऱ्या सत्रातल्या पाचव्या फेरीत, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला, तेव्हा पेडल नेहमीइतकेच घट्ट लागले, पण गाडीचा वेग काही उतरेना. आणखी जोर लावला तरी तेच. वळण कसेबसे बाहेरच्या कडेने घेतले, उरलेली फेरी सावकाश पुरी केली आणि आत आलो. गाडी उभी केल्यावर पुढच्या चाकांतून जळक्या राळेसारखा उग्र वास येत होता. घरी पॅड काढून पाहिले, तर त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता, कडांना पांढुरकी राख धरली होती आणि एका पॅडचा कोपरा बोटाने दाबताच भुगा होऊन गळला. जाडी एका टोकाला ६ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ५, म्हणजे झीज तिरपी आहे.

ब्रेक ऑइल उकळले असते, तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल स्पंजासारखे मऊ पडले असते आणि खोल गेले असते. तसे झाले नाही. शिवाय ऑइल तीनच महिन्यांपूर्वी बदलले होते. ते डॉट ४ प्रतीचे आहे, म्हणजे नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश हा त्याचा उत्कलनबिंदू. त्यामुळे दोष पॅडच्या मिश्रणाच्या (म्हणजे पॅड ज्या घर्षण-पदार्थाचा बनतो त्याच्या) उष्णतामर्यादेत आहे, असे माझे मत झाले आहे. यात चूक दिसत असेल, तर आधी तीच दाखवावी.

मी थोडे गणितही करून पाहिले. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर येताना या गाडीची सुमारे ८९० किलोज्यूल गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातला ७० टक्के भाग पुढचे ब्रेक घेतात आणि पुढची प्रत्येक डिस्क ६ किलोची आहे असे धरले, तर एका ब्रेकिंगमध्ये डिस्कचे तापमान शंभर अंशांहून थोडे अधिक वाढते. पुढचे वळण येईपर्यंत ती पुरती निवत नाही आणि तेवढ्यात पुन्हा तितकीच भर पडते. खात्रीसाठी डिस्कच्या कडेला तापमान दाखवणाऱ्या रंगाचे पट्टे ओढले होते. ४३० अंशांना रंग बदलणारा हिरवा पट्टा दोन्ही बाजूंना पूर्ण पालटला होता, तर ५६० अंशांचा नारिंगी पट्टा फक्त उजव्या डिस्कवर, तोही अर्धाच.

एवढ्या तापमानाला शुद्ध रेसिंगचे पॅड आरामात टिकतात. मात्र थंडगार असताना ते नीट धरत नाहीत, डिस्क झपाट्याने खातात आणि मंद वेगात किंचाळतात. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात कोणी आडवे आले, तर मला तेथेही तितकाच भरवशाचा ब्रेक हवा आहे, त्यामुळे रोजच्या वापरासाठी हा पर्याय मी बाद केला आहे. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि काळी भुकटीही कमी टाकतात, पण रस्त्यासाठी बनवलेले सिरॅमिक पॅड या उष्णतेला पुरतील असे वाटत नाही. उरतात ते रस्ता व ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून विकले जाणारे, धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड, किंवा मग दोन वेगळे संच ठेवून ट्रॅकच्या आदल्या दिवशी पॅड बदलणे.

दुसऱ्या पर्यायाकडे माझा कल आहे, पण तेथेच अडलो आहे. पॅड बसवल्यावर तो रुळवताना त्याच्या मिश्रणाचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड बऱ्याच अंशी त्या थरावर अवलंबून असते. मग दोन भिन्न मिश्रणे एकाच डिस्कवर आलटूनपालटून वापरली, तर थर असमान होऊन पेडलला थरथर येते का? आपल्यापैकी कोणी असे वर्षभर केले असेल, तर प्रत्येक वेळी जुना थर घासून काढता की नवा पॅड तो आपसूक खरवडून टाकतो? डिस्कचे दोन संचच ठेवणे शहाणपणाचे आहे का?

आणखी एक शंका मागच्या ब्रेकची आहे. तेथे पॅड ७ मिलिमीटर शिल्लक आहेत. पुढे जास्त पकडीचे पॅड घालून मागे जुनेच ठेवले, तर पुढची चाके आधी अडखळून एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर जागे होईल आणि मागचे ब्रेक निम्म्या कामावर राहतील, अशी मला भीती वाटते. गॅरेजमध्ये मात्र ‘पुढचे बदला, मागच्यांना काही होत नाही’ असे सांगण्यात आले.

पूरक माहिती : एका सदस्यांनी विचारल्यावरून पॅडच्या कडेवरची अक्षरे पाहिली. ती ‘एफ एफ’ आहेत, म्हणजे थंड व गरम दोन्ही स्थितींत घर्षणांक ०.३५ ते ०.४५. परंतु ही अक्षरे लहान तुकड्यावरच्या चाचणीतून येतात आणि ती चाचणी सुमारे ३४० अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे नवे पॅड निवडताना त्यांचा मला फारसा उपयोग दिसत नाही. उत्पादकांनी दिलेला घर्षण व तापमानाचा आलेख कोणी प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहिला असेल, तर ३०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यातला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. पुढच्या ट्रॅक दिवसाला पाच आठवडे आहेत आणि नवे पॅड त्याआधी रस्त्यावर रुळवून घ्यायचे आहेत.